एक गळीत जाऊ द्या

स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकत बसायचं. कळंबच्या मिस्त्रीची ही पहिली खूण. पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय का, हे असं कान लावून ऐकतात ते तुम्हीही पाहिलं असेल. पण कॉम्प्युटरची डिस्क अशी ऐकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मिनिटभरानं डोळे उघडून तो म्हणायचा, "थकलीया. पर बोलतीया अजून." आणि समोरचं गिऱ्हाईक अशी मान डोलवायचं, की जसं काही त्यालाही ऐकू आलं होतं.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. म्हणजे, थोतांड निघावं अशी माझी फार इच्छा होती.

माझं दुकान इंदापूरला, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर पुण्याच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट. मी पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो म्हणून लोक मला 'सर' म्हणतात. त्याचं दुकान म्हणजे मोटार रिवाइंडिंगचं पत्र्याचं शेड. एका अंगाला तांब्याच्या तारेची भेंडोळी, दुसऱ्या अंगाला उघडे पडलेले कॉम्प्युटर. शिक्षण बारावी नापास. आणि तरी निरवांगी, वरकुटे, अगदी बारामतीहूनसुद्धा माणसं कॅबिनेट मोटारसायकलवर पुढ्यात धरून त्याच्याकडे यायची. 'सर' म्हणताना लोकांचा आवाज सरळ असतो, 'मिस्त्री' म्हणताना तो मऊ व्हायचा. हा फरक बाकी कुणाला कळत नाही. ज्याला सर म्हणतात त्याला बरोबर कळतो.

तोंडावर मी त्याला 'मिस्त्री, तुम्ही' असंच म्हणायचो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मनात मात्र कायम 'तो'. इथंही तेच ठेवतो. माणूस गेल्यावर उगाच आदर कशाला वाढवायचा?

आमचा दोघांचा मुख्य धंदा म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी बसवून देणं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, ती म्हातारी झाली की कॉम्प्युटर चालू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून ती झटपट. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, याला क्लोन म्हणतात. मी ते काम दोन तासांत करून हातात द्यायचो. त्याला दोन दिवस लागायचे, कधी तीन.

त्याचं कारण असं, की तो आधी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचा आणि म्हणायचा, "रोज काय करता तेवढं करून दावा." मग कुठलं चिन्ह कुठं आहे, सकाळी पहिलं काय उघडता, हे चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. काम झालं की जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळायची, दोरा बांधायचा, त्यावर एक चिठ्ठी: कुणाची, काय केलं, काही बिघडलं असेल तर कुणाच्या हातनं. आणि ती माळ्यावर ठेवून द्यायची. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, नवी चालतीय की, जुनी द्या," तर त्याचं उत्तर ठरलेलं.

"एक गळीत जाऊ द्या."

म्हणजे साखर कारखान्याचा एक हंगाम पेटून विझू दे. तोवर तुम्हाला काही आठवलं नाही, काही हरवलं नाही, तर जुनी घेऊन जा. आमच्या भागात वर्ष कॅलेंडरनं मोजत नाहीत, धुराड्यानं मोजतात, त्यामुळे हे सगळ्यांना पटायचं. मला मात्र ते ऐकलं की पोटात दुखायचं. दोन दिवस लावायचे आणि वर शहाणपणही सांगायचं.

निरवांगी माझं गाव. तिथं माझी चुलत बहीण झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेच्या कॉम्प्युटरला मी एसएसडी बसवली, सगळा कचरा साफ करून चकाचक करून दिला. दुसऱ्या दिवशी तिचा रडवेला फोन. पोरांनी लिहिलेल्या तीन वर्षांच्या कविता तिनं रिसायकल बिनमध्ये ठेवलेल्या. कारण काय, तर तिथं ठेवलं की जागा खात नाही असं तिला कुणीतरी सांगितलेलं. अहो, कचऱ्याच्या डब्यात कुणी दागिने ठेवतं का? मी तिला तसं म्हणालोसुद्धा. पुढचा कॉम्प्युटर तिनं परस्पर कळंबला नेला. मी जाब विचारला तर म्हणाली, "दादा, तू हुशार हायस, पर तू विचारत न्हाईस. मिस्त्री विचारतो." रक्ताचं माणूस. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही.

दुसरा घाव बारामतीच्या एका वकिलांचा. त्यांच्या जुन्या मशीनला मी नवी एसएसडी लावली, क्लोन नीट झाला, पण मशीन सुरूच होईना. काळा पडदा आणि 'डिस्क सापडत नाही' एवढी एक ओळ. मी केबल बदलली, पोर्ट बदललं, शेवटी मदरबोर्ड गेला म्हणून सांगून टाकलं. वकीलसाहेब तेच धूड घेऊन कळंबला गेले. मिस्त्रीनं त्यांना विचारलं, "हे मशीन घेतलं कवा?" दहा वर्षं झाली म्हटल्यावर तो सेटिंगमध्ये गेला आणि सुरू व्हायची पद्धत नवी होती ती जुनी केली. मशीन सुरू. म्हणे, जुन्या माणसाला जुन्या नावानं हाक मारावी लागते. हे वाक्य वकिलांनी मला फोन करून ऐकवलं. मला काही ते ऐकायची गरज नव्हती.

तर अशी आग साठत आलेली, आणि तेवढ्यात ते काम आलं.

एका कारखान्याचं गट ऑफिस आहे कळंबच्या बाजूला. गावोगावच्या उसाच्या लागणीच्या, म्हणजे लागवडीच्या, नोंदी तिथं व्हायच्या आणि दर पंधरवड्याला मुख्य ऑफिसला जायच्या. लागणीची तारीख म्हणजे आमच्याकडे जन्मतारखेपेक्षा मोठी गोष्ट. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, पुढचं पीक लांबतं. भावाभावांची डोकी फुटलीत एका आठवड्याच्या फरकावरून. तिथला कॉम्प्युटर रडत-रखडत चालायचा. तो मिस्त्रीकडेच जाणार होता. मी तिथल्या शेतकी ऑफिसरला गाठलं आणि सांगितलं, तो तीन दिवस लावील, मी तुमच्या टेबलावर बसून दोन तासांत देतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आडसाली लागणीचे, म्हणजे दीड वर्षानं तुटणाऱ्या उसाचे दिवस होते. ऑफिसर मला चावी देऊन शिवारात गेला. मी जुनी डिस्क आणि नवी एसएसडी, दोन्ही माझ्या लॅपटॉपला जोडल्या. दोन्ही पाचशे जीबीच्याच, पडद्यावर जुळ्या भावंडांसारख्या. कुठून घ्यायचं आणि कुठं टाकायचं, हे त्यात निवडावं लागतं. माझ्या डोक्यात एकच, आज कळंबला कळलं पाहिजे काम कसं करतात. बटण दाबलं. दीड मिनिटात पडद्यावर आलं, काम यशस्वी. मी आधी खूश झालो, खोटं कशाला सांगू. मग घड्याळाकडे बघितलं. नऊ वर्षांचा माल दीड मिनिटात उतरत नाही. मी कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली होती. सगळं उलटं झालं होतं.

मागच्या बाकी नोंदी मुख्य ऑफिसला होत्या, पण त्या पंधरवड्याच्या कुठंच नव्हत्या. मुख्य ऑफिसकडून पावती येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातातही कागद नसतो. मी दुकान काढून दोनच वर्षं झाली होती. हे बाहेर गेलं असतं, तर माझ्या काचेच्या दारातून कुणी आत आलं नसतं.

मी कॅबिनेट गाडीत टाकलं आणि कुठं गेलो असेन, सांगा. दुसरं दार होतं कुठं मला?

तो मोटारीच्या कॉइलला वार्निश लावत बसला होता. मी झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, आता हसेल. मी त्याच्या जागी असतो तर हसलो असतो, निदान चार जणांना सांगितलं तरी असतं. त्यानं हात पुसले आणि एवढंच विचारलं, "त्याच्यावर परत काय लिवलं का?" मी नाही म्हणालो. "मग भ्यायचं न्हाय. वरची पाटी पुसलीया, खालचा माल तितंच आसंल." त्यानं स्क्रूड्रायव्हर डिस्कला लावला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मीही श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

संध्याकाळपर्यंत नव्वद टक्के माल वर आला. कळंबच्या नोंदी आल्या, निरवांगीच्या आल्या. वरकुट्याची फाइल तेवढी उघडेना. एकवीस नोंदी. त्यानं चार तऱ्हांनी प्रयत्न केला आणि मग उठून मोबाइल घेतला. शेतकी ऑफिसरला लावला. मला वाटलं, संपलं सगळं.

"साहेब, सरांनी मशीन मला दावायला आणलं हुतं," तो म्हणाला. "वरकुट्याच्या एकवीस नोंदी माझ्या हातनं गेल्या. उद्या घरोघर जाऊन लिवून आणतो."

मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून वरकुट्याला गेलो. पहिलंच घर एका तात्यांचं. पासष्टीचे, बोलायला फटकळ. मिस्त्रीनं ओट्यावर बसल्याबसल्या सांगून टाकलं, "तात्या, तुमची नोंद माझ्या हातनं गेली. लागण कवा केलीया ते सांगा, तसं लिवतो." तात्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मनातल्या मनात हिशेब करून एक तारीख सांगितली. मिस्त्रीनं ती लिहिली नाही. "त्या दिशी काय काय झालं ते सांगा की," म्हणाला. दिवसाची लाइट होती का रात्रीची? लावायचं बेणं कुठनं आणलं? पाव्हणं कोण आलतं? तात्या सांगत गेले आणि आतून काकूंचा आवाज आला, की अहो, बेणं आणलं त्या दिवशी माझा उपवास होता, म्हणजे ते दोन दिवस पुढं. तात्या हसले. "घ्या मिस्त्री, तीच लिवा. घरचं कारभारी म्हणत्यात तीच खरी."

अशी एकवीस घरं. एकानंही नंतर तारखेची तक्रार केली नाही.

पण माझा जीव जळत होता तो वेगळ्याच कारणानं. प्रत्येक ओट्यावर त्याला चहा. प्रत्येक ओट्यावर पाठीवर हात. 'मिस्त्री, व्हतं आसं, मनाला लावून घिऊ नका.' एका म्हातारीनं तर भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या. चूक माझी, आणि सांत्वन त्याचं! मी कोपऱ्यात बसून बशीतला चहा फुंकत होतो. तेव्हाही मला लाज कमी आणि मत्सर जास्त वाटत होता, हे आज लिहायला हरकत नाही. मी खरं सांगितलं असतं तर मला शेंगा मिळाल्या नसत्या, एवढं नक्की.

परतताना मी विचारलं, असं का केलंत? गाडी चालवताना तो मागे वळून बोलायचा, त्याची ती वाईट खोड होती. "तुमचं दुकान नवं हाय, सर. नव्या कापडावर डाग उठून दिसतो. माझ्यावर हायेतच की चार." जरा पुढे गेल्यावर परत मान वळवली. "एक गळीत जाऊ द्या. तोड झाली, समद्यांचं नीट झालं, की मग तुमीच सांगा त्यास्नी."

मी व्हय म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

गळीत गेलं. दुसऱ्या गळितात तो ऊस तुटलाही, तारखांप्रमाणे, ओळीनं. मी सांगितलं नाही. तिसरं गेलं. अधूनमधून तो इंदापूरला यायचा, तारेची भेंडोळी घ्यायला, आणि माझ्या दुकानात डोकावायचा. पाणी प्यायचा, एसीकडे बघून "गार हाय" म्हणायचा आणि जायचा. एकदाही विषय काढला नाही. त्यानं काढला असता तर बरं झालं असतं. मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. उलट माझी अडलेली कामं तो फोनवर सोडवायचा, आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, मीच केलं.

आणि वरकुट्याचं कुणी दुकानात आलं की हमखास म्हणायचं, "मिस्त्री सोन्यासारखा, पर एकदा आमच्या नोंदी घालवल्या त्यानं." त्या माणसाच्या नावावर सबंध पंचक्रोशीत एवढा एकच डाग होता. मी मान हलवायचो. म्हणायचो, चुकतो माणूस.

यंदा धुराडी बंद झाली त्याच आठवड्यात तो गेला. शेडमध्ये खुर्चीत बसल्याबसल्या, कॉइल हातात. अंत्यविधीला एवढी माणसं, की मोटारसायकली पार रस्त्यापर्यंत. मी तिथंही माणसं मोजली. माझ्या वेळी किती येतील असा विचार आला, आणि स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली.

महिन्याभरानं त्याच्या बायकोनं टेम्पोतून एक खोकं पाठवलं. निरोप असा, की डिस्का सरांकडे द्यायच्या, ज्याच्या त्याला पोचवतील, असं ते म्हणून ठेवून गेलेत. वर त्याचा तो स्क्रूड्रायव्हर. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चौदा डिस्का, सगळ्या याच वर्षीच्या. पंधरावी तळाशी होती. कागद पिवळा पडलेला. चिठ्ठीवर गट ऑफिसचं नाव, 'वरकुटे २१ नोंदी गेल्या', आणि खाली 'माझ्या हातनं'.

एका गळितानंतर तो डिस्क परत करायचा, हे मी वर सांगितलंच. ही त्यानं तीन गळितं ठेवली होती. माझी वाट बघत. आणि चुकून खोकं दुसऱ्याच कुणी उघडलं तर, म्हणून चिठ्ठीवरसुद्धा माझं नाव येऊ दिलं नव्हतं.

मी निळं पेन घेतलं, 'माझ्या' या शब्दावर काट मारली आणि वर माझं पूर्ण नाव लिहिलं. 

शाई वाळली नसेल तेवढ्यात वरकुट्याचे तात्या आले. नातीचा कॉम्प्युटर घेऊन. मिस्त्री गेल्यापासून ती सगळी माणसं आता माझ्याकडे येतात. जे मला हवं होतं ते अगदी तसंच मिळालंय. तात्यांनी खोकं बघितलं, स्क्रूड्रायव्हर ओळखला, हातात घेऊन फिरवला. "देवमाणूस," म्हणाले. आणि मग ते नेहमीचं वाक्य आलंच, नोंदींचं.

"तात्या," मी म्हणालो, "त्या नोंदी माझ्या हातनं गेल्या होत्या. मिस्त्रीनं माझ्यासाठी अंगावर घेतलं."

 मी पुरावा म्हणून चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी उजेडात नेली, काट मारलेल्या शब्दावर अंगठा फिरवला. अंगठ्याला निळी शाई लागली.

"सर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. तोच मऊपणा, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं जळलो होतो. "हे खालचं मिस्त्रीचं अक्षर हाय, मी वळखतो. वरचं तुमी आत्ता लिवलंया. गेलेल्या माणसाचं झाकायला लई मोठं मन लागतं. मिस्त्रीचा गुण लागला तुमाला."

मी शपथ घेतली. दीड मिनिटाचं सांगितलं, उलट्या क्लोनचं सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की वरकुट्यात सगळ्यांना सांगतो सर कसला माणूस आहे ते.

बघा म्हणजे. तो खोटं बोलला ते एकवीस घरांनी चहाबरोबर गिळलं, आणि मी खरं बोललो तर एका म्हाताऱ्याला पटेना. मेल्यावरसुद्धा हा माणूस माझ्या पुढेच. जळू नये तर काय करावं?

तात्यांच्या नातीची जुनी डिस्क काढून मी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवली. उद्या दुकान बंद ठेवून वरकुट्याला जायचं म्हणतो. अजून वीस घरं आहेत.